डोंबिवलीची संख्या आणि देवळालीचे मास्तर



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. क्युपर्टिनोत सकाळपासून पाऊस लागला होता, सॉकरची मॅच रद्द झाली होती आणि आमची चौथीतली कन्या घरभर कंटाळत फिरत होती. शेवटी ती लॅपटॉप उघडून बसली. अकरा गुणिले अकरा १२१, एकशे अकरा गुणिले एकशे अकरा १२३२१, मग १२३४३२१... हा जिना तिला शाळेत कोणीतरी दाखवला होता. एकेक १ वाढवत ती स्प्रेडशीटमध्ये पुढे सरकत होती. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला आणि ती थबकली. समोर उत्तर होते १२३४५६७८९८७६५४३००. शेवटी ३२१ यायला हवे होते, आले ३००!

आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले. मोठ्या ऐटीत म्हणालो, थांब, दोन ओळींचा प्रोग्रॅम लिहून दाखवतो. लिहिला. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२०. आता शेवटचा १ तेवढा हरवला होता. दोन यंत्रणा, दोन उत्तरे आणि दोन्ही चूक.

तेव्हा सोफ्यावर बसलेल्या आजोबांनी (म्हणजे आमच्या बाबांनी, सहा महिन्यांसाठी डोंबिवलीहून आलेल्या) जंक मेलचे एक पाकीट उलटे केले, पेन्सिल घेतली आणि शाळेत शिकवतात तसा गुणाकार मांडला. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवलेली. बेरीज केली. १२३४५६७८९८७६५४३२१. मग चष्मा काढत त्यांनी शांतपणे सांगितले की या संख्येला डेमलो संख्या म्हणतात, आणि डेमलो म्हणजे आपली डोंबिवली.

मंडळी, आमचे निम्मे आयुष्य डोंबिवलीत गेले. तिथून लोकलला लटकत कॉलेजला गेलो, तिथूनच व्हिसाच्या रांगेला गेलो. पण आपल्या गावाच्या नावाची एक संख्या आहे, हे कळायला क्युपर्टिनोतला पाऊस पडावा लागला! त्या संध्याकाळपासून आम्ही ते नाव देणाऱ्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेलो. आज त्यांच्याबद्दलच थोडे सांगायचे आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि ती गोडी मुलात उतरली. दत्तात्रेय आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढचे शालेय शिक्षण ठाण्याला झाले. कोडी सोडवण्याचा आणि आकड्यांशी खेळण्याचा छंद तेव्हापासूनचा.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले. केंब्रिजला सीनियर रँग्लर होणारे पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे, यांचे नाव या कॉलेजाशी कायमचे जोडलेले. त्यांच्याच नावाचे गणिताचे पारितोषिक १९२७ साली कापरेकरांना मिळाले. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते दिले जात असे. १९२९ साली ते बी.एस्सी. झाले. पुढे ना एम.ए., ना डॉक्टरेट. नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवले.

आपल्यापैकी अनेकांना देवळाली म्हणजे नाशिकच्या अलीकडचे, लष्करी छावणीचे स्टेशन एवढेच ठाऊक असते. ठाणे, डोंबिवली आणि देवळाली ही तिन्ही स्टेशने एकाच लोहमार्गावर आहेत. तेव्हा हा मार्ग जी.आय.पी. रेल्वेचा होता. याच मार्गावरच्या डेमलो स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना एका प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, आणि त्यांनी स्टेशनचेच नाव त्या संख्यांना देऊन टाकले. गाडीची वाट बघताना आपण काय करतो हे आठवून पाहावे!

डेमलो संख्या ओळखायची कशी? संख्येचे तीन भाग पाडायचे: डावा, मधला, उजवा. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा. डावा आणि उजवा भाग मिळवला की तोच मधला अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे. १६५ घ्या. १ आणि ५ मिळून ६, मध्ये ६. २५५३ घ्या. २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आमच्या पाकिटावरची संख्या घ्या. डावीकडे १२३४५६७८, मध्ये ९, उजवीकडे ८७६५४३२१. दोन्ही बाजूंची बेरीज ९९९९९९९९. बसली की नाही चपखल?

या सतरा अंकी संख्येचे एवढ्यावरच भागत नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्यातले सतरावे स्थान मध्य. म्हणजे आपल्या संख्येचा पहिला १ मध्य स्थानी बसतो. ती उलटसुलट कशीही वाचली तरी तीच. तिच्या अंकांची बेरीज करा: १ पासून ९ पर्यंत चढत आणि परत १ पर्यंत उतरत, एकूण ८१. आणि या ८१ ने तिला भागले तर पूर्ण भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तोही १२३४५६७९ चा वर्ग! कारण नऊ वेळा १ लिहिलेली संख्या म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९. अगदी मुळापर्यंत फोडायची तर ३ चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा घेऊन गुणाकार करा, ही संख्या मिळेल. तीन मूळ संख्या, बस्स.

आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांनाही कापरेकरांनीच नाव दिले: हर्षद संख्या. हर्ष देणारी ती हर्षद. गणितात असे नाव द्यायला माणूस मुळातच खुशीत असला पाहिजे.

आता कन्येने विचारलेला पुढचा प्रश्न: हा जिना कायम असाच चढतो का? नाही. आणि न चढण्याचे कारण आपल्या पहिली-दुसरीच्या पाटीवर आहे. ते म्हणजे हातचा. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या उभ्या ओळीत नऊ वेळा १ येतो, बेरीज ९, हातचा काही नाही. म्हणून चित्र स्वच्छ दिसते. दहा वेळा १ लिहून वर्ग केला की मधल्या ओळीत बेरीज दहा होते. तिथे शून्य लिहून हातचा १ डावीकडे जातो. तिथल्या ९ चे दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. पुढच्या ८ चे ९ होतात आणि हातचा तिथे संपतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्ये. जिना मोडला!

कन्या हिरमुसली. पण कापरेकरांनी शोधलेल्या संख्यांचा आणखी एक प्रकार आहे, ज्याला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. एखाद्या संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज मूळ संख्येएवढी आली पाहिजे. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. (२०२५ साल उजाडले तेव्हा ही गोष्ट बऱ्याच जणांच्या फोनवर फिरत होती, आठवते?) २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. आता आपला मोडका जिना घ्या. डावीकडचे नऊ अंक १२३४५६७९०, उजवीकडचे दहा अंक ०९८७६५४३२१. बेरीज करा. ११११११११११. चक्क दहा एक! जिथे डेमलोचा जिना मोडतो, त्याच पायरीवर कापरेकर संख्या बसलेली आहे. हे आम्ही पाकिटाच्या उरलेल्या जागेत केले, आणि खरे सांगतो, अंगावर काटा आला.

कापरेकर मास्तर हे सगळे पेन्सिलीने करत. ना कॉम्प्युटर, ना कॅल्क्युलेटर. सायकलवरून गावोगाव फिरून शिकवण्या करायच्या, नदीकाठी बसून आकड्यांचा विचार करायचा, आणि काही सापडले की आपल्या छोट्या पुस्तिकांतून छापायचे. डेमलो संख्यांवर त्यांची पुस्तिका आहे, आवर्ती दशांशांवर आहे, स्वयंभू संख्यांवर आहे.

या स्वयंभू संख्याही मजेच्या. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात. म्हणजे १५ ही २१ ची जननी. पण २० कशातूनच तयार होत नाही, ३१ होत नाही, ४२ होत नाही. ज्यांना आई नाही अशा या संख्या. त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसाने त्या शोधल्या, यात आम्ही उगाच अर्थ शोधत नाही, पण वाचताना क्षणभर थांबलो एवढे खरे.

आता त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध संख्येकडे येऊ. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर हेच करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथून सुटका नाही. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोचता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले, आणि १९५५ साली स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकात त्यावर त्यांचे टिपण छापून आले. (६१७४ हर्षदही आहे बरं का! अंकांची बेरीज १८, भागाकार ३४३.)

आता वाटेल की एवढ्या शोधानंतर मास्तरांचा सत्कार झाला असेल, विद्यापीठाने बोलावले असेल. तसे काही झाले नाही. आपल्याकडच्या गणितज्ञांपैकी पुष्कळांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. परिषदांना ते स्वतःहून जात आणि आपले आकडे मांडत, पण त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती, आणि विषयही असा की त्यातून मोठा सिद्धांत उभा राहत नाही.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. हे आक्षेप नुसत्या हेकटपणाचे नव्हते. डेमलो, हर्षद, ६१७४ या सगळ्या गमती आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहेत. सोळाच्या पटीत मोजणाऱ्या कॉम्प्युटरवाल्यांना त्या तशाच दिसणार नाहीत. रामानुजनना ज्यांनी ओळखले ते केंब्रिजचे हार्डी, त्यांनीच १९४० साली आलेल्या आपल्या ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी या पुस्तकात अशा अंकांच्या गमतींची उदाहरणे देऊन त्यांना गंभीर गणितातून वगळले होते. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट, असल्या गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, असा त्यांचा सूर. रामानुजनना हार्डी भेटले. कापरेकरांना हार्डी भेटले असते तरी त्यांनी बहुधा नमस्कार करून निरोप दिला असता.

पण मास्तर थांबले नाहीत, आणि आम्हाला सर्वांत भिडले ते हेच. १९६२ साली निवृत्ती आली. पेन्शन अपुरे, म्हणून गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या सुरू ठेवाव्या लागल्या. १९६६ साली पत्नी गेली.  दाद देणारे फार कोणी नव्हते, बढती नव्हती, बक्षीस नव्हते. तरी आकड्यांचा नाद चालूच राहिला.

मग मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या गणिती खेळांच्या गाजलेल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले. मास्तर तेव्हा सत्तरीचे. देवळालीच्या शाळामास्तरचे नाव एकदम जगभर गेले. त्यानंतर ६१७४ वर, स्वयंभू संख्यांवर कितीतरी जणांनी अभ्यास केला, आणि तो अजून चालू आहे. १९८६ साली देवळालीत त्यांचे निधन झाले.

म्हणजे शिक्का शेवटी अमेरिकेतून बसला. इथे राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट सुखावणारी वाटेल, पण आम्हाला ती थोडी टोचली. कारण आम्हीही तसेच. कॉलेजात असताना ६१७४ ची गंमत कोणीतरी दाखवली होती. तेव्हा आम्ही विचारले होते की याचा उपयोग काय, आणि परीक्षेला नाही म्हटल्यावर विषय संपवला होता. आज इथे शनिवारी मुलांना गणिताच्या क्लासला सोडतो तेव्हा गाडीत विचारतो, किती मार्क, कितवा नंबर, पुढची लेव्हल कधी. गणितात आज हर्ष झाला का, हे आम्ही एकदाही विचारलेले नाही.

जाता जाता तो हरवलेला १ शोधून देतो, नाहीतर इंजिनिअरिंगची लाज जायची. अनेक प्रोग्रॅम आणि स्प्रेडशीट संख्या साठवताना तिच्यासाठी ५३ बिटांची जागा वापरतात. त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नीट मावते. त्यापुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या त्याहून मोठी आणि विषम, म्हणून प्रोग्रॅमने तिला शेजारच्या ३२० वर नेऊन बसवले. स्प्रेडशीट तर पंधराच अंक दाखवते आणि पुढे शून्ये भरते, म्हणून ३००. मोठ्या पूर्ण संख्यांसाठी वेगळी सोय करावी लागते, ती केली की उत्तर बरोबर येते. पाकिटाच्या पाठीला मात्र असली अट नसते. कागद पुरेल तेवढे अंक मावतात.

त्या दिवशी पाऊस संध्याकाळी थांबला. कन्येने पाकीट फ्रिजवर चुंबकाने लावले आणि आजोबांना विचारले की अकरा एकांचे काय होईल. ते म्हणाले, करून बघ. ती पेन्सिल घेऊन बसली, पहिल्यांदा हातचा चुकली, खोडले, पुन्हा केले. आम्ही लॅपटॉप उघडला नाही.

असो, लेख लांबला. तुम्हीही आपल्या मुलांबरोबर अकरा एकांचा वर्ग कागदावर करून बघा. उत्तर कॅल्क्युलेटरवर तपासू नका, शेवटचे अंक चुकायची शक्यता आहे! आणि पुढच्या भारतवारीत डोंबिवलीला उतरलात, किंवा नाशिकला जाताना गाडी देवळालीला थांबली, तर खिडकीतून बाहेर पाहताना कापरेकर मास्तरांची आठवण काढा.